नवासा बेटाच्या सापावरून

दारव्ह्याच्या पुंडलिकराव ठोंबरे मास्तरांना कोणी विचारलं, की सर, रिटायर झाल्यावर दिवसभर करता तरी काय, तर ते म्हणत, "वेळ कुठं आहे बाप्पा, एका सापाचं भांडण सुरू आहे." ऐकणाऱ्याला वाटे, घरात साप निघाला असेल. पण हा साप दारव्ह्याचा नव्हता, यवतमाळ जिल्ह्याचाही नव्हता. क्यूबा आणि हैतीच्या आजूबाजूला समुद्रात नवासा नावाचं टीचभर बेट आहे, तिथला तो. तोही बहुधा आता उरलेला नाही, कारण शंभराहून जास्त वर्षांत तो जिवंत कोणाला दिसलेला नाही. नसलेल्या सापावरून एवढं भांडायचं काय, असं तुम्ही म्हणाल. मास्तरांची बायको विमलबाई असती तर तीही हेच म्हणाली असती. ती नव्हती, म्हणून तर हे सारं झालं.

पुंडलिकराव ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. माणूस कडक. पोरांनी बेडकाच्या हृदयाला एक बाण कमी काढला तरी अर्धा मार्क कापायचे, आणि वरून म्हणायचे, "बाण विसरला तर रक्त जाईन कुठं?" ते रिटायर झाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात विमलबाई गेल्या. मुलगा घनश्याम हैदराबादला कंपनीत. तो रविवारी फोन करायचा आणि गोळ्या घेतल्या का, लाइटचं बिल भरलं का, असं विचारून ठेवून द्यायचा. पोरगा वाईट नव्हता हो. पण एवढं विचारून झालं की दोघांपाशीही बोलायला काही उरत नसे.

सकाळ कशीही जाते. पेपर आहे, दूधवाला आहे, मेसचा डबा आहे, बाजाराचा दिवस असला तर तासभर भेंडीचा भाव करत हिंडता येतं. संध्याकाळ मात्र जाता जात नाही. दिवेलागणीला गल्लीतली माणसं आपापल्या दारात शिरतात, घराघरांतून फोडणीचा वास येतो, आणि पुंडलिकरावांचं घर त्यांना खायला उठायचं. माणसाचा आवाज असावा म्हणून ते टीव्ही लावून ठेवत आणि दुसऱ्याच खोलीत बसत.

मग म्हणाल, कोणाला तरी फोन करायचा. पण आमच्याकडे पुरुषमाणूस पुरुषमाणसाला उगाच फोन करत नाही. बायांचं बरं असतं, कोणत्या भाजीत काय घातलं यावर त्यांचा तास जातो. पुरुषांना काम लागतं. फोन उचलला की पहिला प्रश्न, "बोला, काय काम काढलं?" आणि काम नसलं तर करणाऱ्याचीच पंचाईत. करमत नाही म्हणून फोन केला, हे सांगायची पुंडलिकरावांची काय बिशाद. त्यापेक्षा त्यांनी विहिरीत उडी मारली असती.

तर काम मिळालं ते असं. जिल्ह्यातल्या रिटायर जीवशास्त्रवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. सकाळी गुलाबाची फुलं आणि दुपारी मधुमेहाचे उपाय, यापलीकडे त्यात काही येत नसे. वैतागून एक दिवस मास्तरांनी त्यावर कोडं टाकलं: शंभर वर्षांत कोणालाच न दिसलेला बुटका बोआ कोणता? उत्तरही खाली त्यांनीच दिलं, की नवासा बेटावरचा, क्यूबाच्या मोठ्या बुटक्या बोआची उपप्रजाती. कोणी फूल पाठवलं, कोणी हात जोडले. आणि पांढरकवड्याहून उकंडराव सोयाम सरांनी लिहिलं, "उपप्रजाती कशी? स्वतंत्र प्रजाती आहे. चुकीची माहिती पसरवू नये."

दोन दिवस ग्रुपवर रान पेटलं. शेवटी ॲडमिनने हात जोडून लिहिलं, की दोघांनी आपसात फोनवर मिटवून घ्यावं.

त्यांनी काय मिटवायचं. दिवेलागण झाली की पुंडलिकराव टीव्ही बंद करत, खुर्ची दाराशी ओढत आणि पांढरकवड्याला फोन लावत.

थोडं सापाचं सांगायला हवं, नाहीतर भांडण कळायचं नाही. बोआ म्हणजे आपल्याकडच्या मांडुळाच्या, डुरक्या घोणसाच्या दूरच्या गोतातले बिनविषारी साप. पण हे बेटांवरचे बुटके बोआ नुसते नावाचे बोआ. खऱ्या बोआंच्या कुळात त्यांना आता कोणी धरत नाही, त्यांचं कुळ वेगळं मांडलंय. डिवचलं तर यांच्यातले काही डोळ्यांतून, तोंडातून रक्त काढून दाखवतात. त्यातला नवासाचा साप आधी शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती म्हणून नोंदवला. पुढे दुसऱ्यांनी तो क्यूबाच्या सापाच्या पोटात घातला, त्याचाच लहान भाऊ म्हणून. बेटावर खताच्या खाणी निघाल्या, बकऱ्या आल्या, मांजरं आली, आणि साप दिसेनासा झाला. राहिले ते बरण्यांत बुडवलेले थोडेसे.

"ठिपके पाहून कोणी प्रजाती ठरवते का?" पुंडलिकराव म्हणायचे. "आपल्याकडे डुरक्याच्या अंगावर ठिपके पाहून लोक विषारी घोणस म्हणून त्याले ठेचते. ठिपक्यावर गेलं का असंच होते."

"ठिपके नाही मास्तर, खवले मोजा," तिकडून उकंडराव म्हणत. "आन् मधात समुद्र आहे. तो काय दारव्ह्याचा नाला आहे का, का उन्हाळ्यात ओलांडला?"

ही दोन माणसं आयुष्यात एकदाच भेटली होती, अमरावतीला बोर्डाचे पेपर तपासताना. पुंडलिकरावांना तेवढंच आठवत होतं, की उकंडराव अंगाने किरकोळ होते आणि डब्यातली ज्वारीची भाकर कोणाला न विचारता सगळ्यांच्या ताटात मोडून टाकत होते. फोनवर पुढे कळलं, की त्यांच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्यावर यांना उकंड्यावर ठेवून उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. मृत्यूची नजर कचऱ्यावर कशाला जाते, असा त्यामागचा हिशोब. एकदा भांडता भांडता ते म्हणाले, "एकट्याची बी जात असते, मास्तर. मांगंपुढं कोणी नाही म्हणून त्याले दुसऱ्याच्या घरात कायले टाकता?"

पुंडलिकराव त्यावर ओरडलेच. खरं कारण शास्त्राचं नव्हतंच. नवासाचा साप क्यूबाच्या सापाचा भाऊ असेल, तर क्यूबात त्याचं कोणीतरी अजून आहे, वंश चालू आहे. वेगळा असेल तर तो संपला, पूर्ण, आणि त्याच्यासारखं जगात कोणीही नाही. रिकाम्या घरात दाराशी बसून हे मान्य करणं पुंडलिकरावांना जड जात होतं. पण हे उकंडरावांना कोण सांगणार? त्यापेक्षा खवले बरे.

पावसाळा सरला, कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या, आणि भांडण काही निघेना. उलट पोळ्यानंतर उकंडराव जास्तच पेटले. पुंडलिकरावांचं वाक्य पुरं होऊ देत नसत, मधेच आपलं सुरू करत. प्रत्येक मुद्द्याला एकच जवाब, "चूक. साफ चूक." थंडीत एकदा पुंडलिकराव म्हणाले, "आज जास्त बोलत नाही, ताप आहे मले," तर तिकडून आलं, "चूक. साफ चूक. तुमचं मुळातच चुकून राह्यलं." पुंडलिकराव अंथरुणात पोट धरून हसले. गडी तापालाही सोडत नाही म्हणाले. तो ताप बरा वाटेपर्यंत त्यांना ते वाक्य पुरलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा घोळ झाला. त्यांची भाची निकिता नागपूरला विद्यापीठात शिकते. मामाने फार दिवसांपासून मागितलेला एक शोधनिबंध तिने मोबाइलवर पाठवला. पुंडलिकरावांनी चष्मा पुसून, अडेल तिथे शब्दकोश काढून तो वाचला, मग पुन्हा वाचला. त्यात बेटाबेटांवरचे हे साप शेजारी मांडून त्यांच्या खवल्यांचा, ठिपक्यांचा ताळा घातला होता, आणि नवासाच्या सापाला क्यूबाच्या पोटातून काढून पुन्हा त्याच्या स्वतःच्या नावावर बसवलं होतं. निबंध काही नवा नव्हता. पुंडलिकराव ज्यावरून शिकवत होते ती पुस्तकंच जुनी होती. उकंडराव खरे, ते खोटे. विषय संपला.

आणि पुंडलिकरावांना नेमकी त्याचीच धास्ती बसली. विषय संपला तर उद्या फोन कशाला करायचा? काय काम काढलं म्हणून सांगायचं?

त्या संध्याकाळी त्यांनी निबंधाचं नाव काढलं नाही. उपप्रजातीच आहे म्हणून दणकून भांडले. दुसऱ्या दिवशीही तसंच. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. फोन ठेवला की मास्तरांना आपलीच लाज वाटायची. एका बाणासाठी ज्याने जन्मभर पोरांचे अर्धे अर्धे मार्क कापले, तो आता माहीत असून चूक उत्तर लिहीत होता, तेही कशासाठी, तर कोणीतरी आपल्याशी चार शब्द बोलावेत म्हणून. भीक मागणं आणखी वेगळं काय असतं, असं त्यांना वाटायचं. जेवण गोड लागेना.

होळी झाली आणि त्यांनी ठरवलं, की होऊ दे काय व्हायचं ते. नेहमीच्या वेळी फोन लावला. उचलला गेला. पुंडलिकरावांनी एका दमात सांगून टाकलं, "उकंडराव, ऐका. तुमचं बरोबर आहे. मी हरलो. तो साप वेगळीच प्रजाती आहे. माह्यापाशी पुरावा आहे, आन् तो मी तुमच्यापासून लपवला. मले माफ करा."

मग उकंडरावांचा ठणठणीत आवाज आला, "चूक. साफ चूक. तुमचं मुळातच चुकून राह्यलं, मास्तर. क्यूबाचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"मी तेच तर म्हणून राह्यलो."

"कितीबी म्हणा. वेगळा तो वेगळाच."

पुंडलिकरावांनी फोन ठेवला. अंगाची लाही लाही झाली. इथे माणूस नाक घासून माफी मागतो, आणि हा गृहस्थ थट्टा करतो? जाऊ दे चुलीत तो साप आणि तो उकंडाही. दोन-तीन दिवस त्यांनी रागारागात टीव्ही मोठ्याने लावला. पांढरकवड्याहून काही फोन आला नाही. येणार कसा, लावायचे नेहमी हेच.

राग उतरला तसं एकेक आठवू लागलं. ताप आहे म्हटलं तरी चूक. हरलो म्हटलं तरी चूक. संक्रांतीला, तिळगूळ घ्या म्हटलं होतं, तेव्हाही तो माणूस खवल्यांच्या ओळी सांगत सुटला होता. पुंडलिकराव ताटावरून उठले. डब्यातली पोळी तशीच राहिली. सकाळी त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि यवतमाळची गाडी धरली. तिथून पांढरकवड्याची.

उकंडरावांचं घर हायवेपासून जवळ निघालं. नागपूर-हैदराबादचे ट्रक असे धडधडत जात होते, की दारात उभं राहून स्वतःचं बोलणं ऐकू येईना. सून बाहेर आली. मोनाली तिचं नाव. पुंडलिकरावांनी ओळख सांगताच तिने पदराला हात पुसून खुर्ची टाकली.

"बरं झालं आले सर. बाबा रोज सांजंले फोन हातात घेऊन बसते. चार दिवस झाले, जेवण बी बरोबर नाही त्याइचं. काही रागावले का तुम्ही?"

"बाई, खरं सांगा. त्यांना ऐकायला कमी येते का?"

"कमी? पोळ्यापासून काहीच येत नाही ना सर. नस गेली म्हणे. मशीन आणली, तिचाही उपेग नाही. आम्हाले वाटलं, तुम्हाले माहीत आहे. रोज बोलत होते ना तुम्ही?"

पुंडलिकरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. पोळ्यापासून होळीपर्यंत ते एका बहिऱ्या माणसाशी भांडले होते, आणि त्यांना पत्ता लागला नव्हता. लागणार कसा? तिकडून बोलणं सुरू झालं की हे आपला पुढचा मुद्दा जुळवत बसायचे. ऐकत तर तेही नव्हते. उकंडरावांचे कान गेले होते, यांचे शाबूत होते, एवढाच काय तो फरक. लाजेने त्यांची मान खाली गेली.

उकंडराव आतून आले. पेपर तपासताना होते त्याहून किरकोळ झाले होते. त्यांनी पाहुण्याकडे निरखून पाहिलं आणि खूप मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं म्हणाले, "क्यूबावाले?"

पुंडलिकरावांनी मान हलवली. मग मोबाइल काढून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की तुमचं खरं, प्रजाती वेगळीच, पुरावा सापडला. उकंडरावांनी वाचलं. एखादा जिंकलेला माणूस हसला असता. त्यांचा चेहरा उतरला.

"मंग आता?" ते म्हणाले. "आता फोन कायले करसान तुम्ही?"

पुंडलिकरावांनी खाली लिहिलं, ऐकू येत नव्हतं तर उचलत काहून होते?

उकंडरावांनी वाचून मोबाइल परत दिला. "खिशात थरथरे," ते म्हणाले. "कानाले लावला का गालाले गरम लागे. वाटे, कोणी तरी आपल्यासंगं बोलून राह्यलं. मंग मी बी बोलत होतो. सांगणार होतो तुम्हाले, का कान गेले म्हणून. पण सांगितलं असतं तर तुम्ही फोन बंद केला असता. बहिऱ्याले कोण फोन करते?"

आत मोनालीने मिक्सर लावला होता, तो तिने बंद केला. जेवण झालं. चार तास उकंडराव बोलले आणि पुंडलिकराव लिहीत राहिले, त्यात साप फारसा आला नाही. लिहून लिहून अंगठा दुखायला लागला. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उकंडराव स्टँडपर्यंत आले आणि गाडी सुटल्यावरही तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्यात दिवे लागले. पुंडलिकराव दाराशी खुर्ची ओढून बसले होते. हातात फोन, आणि लावायला कारण काहीच नव्हतं. समोरच्या घरातून फोडणीचा वास आला. त्यांनी फोन लावला.

उचलला गेला. पुंडलिकराव बोलू लागले. सुरुवातीला जीभ अडखळली. मग ते म्हणाले, "उकंडराव, विमल गेल्यापासून मले या घरात भीती वाटते. अंधाराची नाही. कोणाचीच नाही. पण वाटते. मी हे घनश्यामले सांगितलं नाही, कोणालेच नाही." पलीकडे कोणाला एक अक्षर कळत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना सांगता येत होतं.

ते बोलत होते तेव्हाच पलीकडून उकंडरावांनीही सुरू केलं होतं. नेहमीसारखं, मधेच. पुंडलिकराव आपलं बोलणं सोडून गप्प झाले आणि त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"मले एक भेव वाटते मास्तर," उकंडराव सांगत होते. "बायकोचा आवाज कसा होता, ते आता आठवत नाही. पोराचा बी जाऊन राह्यला. मोनाली बोलते, तोंड हालते, पण तिचा आवाज मी मनात लावू म्हटलं तर लागत नाही. तुमचा तेवढा पक्का आहे. भांडून भांडून बसला डोक्यात. तुम्ही बोलत जा. मी आपला त्या आवाजात काही बी भरून घेतो."

पुंडलिकरावांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग उकंडराव थांबले तेव्हा त्यांनी घसा साफ केला, आणि आज मेसच्या डब्यात काय आलं होतं तिथपासून सांगायला सुरुवात केली.